इथे काही होऊनच नाही राहिलं

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे. भाची दोन दिवस मुक्कामाला आली होती, तिचे आईबाबा उज्जैनला एका लग्नाला गेलेले आणि हिची सोमवारी कोचिंगची टेस्ट, म्हणून ही इंदुरातच राहिली. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली, दुपारी जेवून सगळे आडवे, रामबागेतल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही, आवाज म्हणजे नुसता कूलरचा. तीच म्हणाली, मावशी तुझ्या आवडीचा एक पिक्चर लाव ना, मराठी. मला इतका आनंद झाला, कारण आपल्या आवडीचं काही हल्ली कोणी मागून बघत नाही. मी 'श्वास' लावला. ती गादीवर पालथी पडलेली, हातात रिमोट, मी मागे खुर्चीत लसूण सोलत. अर्धा तास छान गेला. मग ते आजोबा दवाखान्यात बसलेत, शेजारी नातू, कोणी काही बोलत नाहीये, आणि हिने पटकन बटण दाबलं. दहा सेकंद पुढे. थोड्या वेळाने परत सगळे गप्प झाले, परत दहा सेकंद पुढे. तिसऱ्यांदा मी म्हटलं अगं काय करतेस, तर मान सुद्धा न वळवता म्हणाली, "इथे काही होऊनच नाही राहिलं ना, मावशी."

मी काही बोलले नाही. उठून चहा टाकला.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढचे चार-पाच दिवस स्कूटरवर, भाजी घेताना, रात्री पडल्यावर, तेच. राग आला होता असं नाही, ती गोड मुलगी आहे आणि तिच्या वयात मीही खूप काही पटपट उरकलंय. त्रास वेगळाच होता. तिने पुढे ढकलले ते दहा दहा सेकंद म्हणजे माझ्यासाठी अख्खा पिक्चर होता, आणि ते तिला कसं सांगावं हे मला सुचत नव्हतं. डॉक्टर आजोबांना नातवाच्या डोळ्यांबद्दल सांगतात तेव्हा अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर काय चालतं ते बघा एकदा. आधी शब्द नुसते कानावर पडतात, मग अर्धे कळतात, मग कळलेलं परत नाकारावंसं वाटतं, आणि हे सगळं होत असताना त्या म्हाताऱ्याला डॉक्टरांसमोर अदब पण सोडायची नाहीये, कारण तो गावाकडचा माणूस आहे आणि समोर साहेब आहे. २००४ साली 'श्वास' इतका गाजला, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला भारताकडून तोच गेला, आणि आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत तेव्हा जणू घरचंच कार्य असल्यासारखं वातावरण होतं. पण मला त्यातलं सगळ्यात काय लक्षात राहिलंय म्हणाल तर एक माणूस ऐकतोय. बस.

माझे आवडते नट कोण असं कोणी विचारलं की मी आजवर वेळ मारून नेत आले. समोरच्याला पटेल असं एखादं मोठं नाव सांगायचं आणि पुढे जायचं. खरं उत्तर असं आहे की मला ऐकणारे नट आवडतात. बोलणारे खूप असतात, आणि छान बोलतात, पण समोरचा बोलत असताना ज्याचा चेहरा खरोखर ऐकतो असा नट फार कमी. आणि ही आवड माझी स्वतःची नाही, बाबांची आहे. ती मला त्यांच्या कानांमुळे मिळाली.

बाबा मिलमध्ये होते, विणाई खात्यात. एका शेडमध्ये शेकडो माग, प्रत्येकाचं शटल या टोकाहून त्या टोकाला आपटत जाणार, परत येणार, मिनिटाला किती वेळा कोण जाणे. लहानपणी मी एकदा डबा द्यायला गेले होते तर दारातच पोटात धडधडायला लागलं, आवाज कानाने नाही तर छातीने ऐकू येत होता. तिथे बोलणं शक्यच नव्हतं. मग ती माणसं ओठ वाचायची आणि हाताने खुणा करायची. धागा तुटला याची खूण वेगळी, जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय याची वेगळी, चहाला चल याची वेगळी. तळहात पालथा करून हळूच खाली दाबला की माग बंद. ही शेवटची खूण बाबा घरीपण वापरायचे, आम्ही बहिणी भांडायला लागलो की तो हात खाली यायचा आणि आम्ही गप्प. वीस-बावीस वर्षं तिथे काढल्यावर जे व्हायचं ते झालं, कान गेले. एकदम नाही गेले. आधी बारीक आवाज गेले, चिमणीचा, कुकरच्या शिट्टीचा, मग स, श, फ ही अक्षरं गेली, म्हणजे माणूस बोलतोय एवढं कळायचं पण काय बोलतोय ते अर्धंच. नव्वदच्या सुमाराला मिल बंद पडली, देणी अडकली ती किती वर्षं अडकली ते सांगत बसत नाही, पण घरात बसल्यावर आम्हाला कळलं की त्यांना खरंच किती कमी ऐकू येतं. तोवर आम्हाला वाटायचं बाबा विचारात असतात.

आणि या माणसाला सिनेमाचं वेड! टॉकीजमध्ये ते कायम पुढे बसायचे, अगदी फ्रंटला, पडद्याच्या पायाशी. आई चिडायची, की तिथे शिट्ट्या मारणारे बसतात, मुलींना घेऊन कुठे तिथे जाता, बालकनी परवडते आपल्याला आता. त्यावर ते काही बोलायचे नाहीत. मला पुष्कळ उशिरा समजलं की त्यांना ओठ दिसायला हवे असायचे. आमची मान दुखायची, नायिकेचं नाक एवढं मोठं दिसायचं, विडीचा वास, शेंगदाण्याची टरफलं पायाखाली, आणि मध्येच बाबा माझ्या कानाशी वाकून, स्वतःला वाटतंय की हळू पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "काय म्हणाला?" मी सांगायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. म्हणाले, काय म्हणाला ते नको सांगूस, ते चेहऱ्यावर नसेल तर त्याने म्हटलंच नाही.

इंदुरात पत्ता आजही टॉकीजच्या नावाने सांगतात. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड. नव्या मुलांना तिथे टॉकीज होतं का नव्हतं याच्याशी देणंघेणं नाही, ते रिक्षावाल्याला तेच सांगतात. मी रीगलवरून जाते तेव्हा मला मात्र अजून मान वर करून बसल्यासारखं मानेत दुखतं.

बाबांचा निकाल फार कडक असायचा. एखादा हिरो, नाव घेत नाही, छान दिसणारा, पोरी जीव टाकायच्या अशातला, समोर हिरोइन रडून रडून काहीतरी सांगत्येय आणि हा तिच्याकडे बघतोय. बाबा म्हणायचे, "याला ऐकू येत नाहीये. हा आपली पाळी यायची वाट बघून राहिला आहे." पाळी हा मिलचा शब्द, पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, पण इथे तो इतका चपखल बसायचा की मी आजतागायत तोच वापरते. पडद्यावर बघा तुम्ही, अर्ध्याहून जास्त नट आपली पाळी यायची वाट बघत उभे असतात. भुवई उडवतात, ओठ दाबतात, पण आत काही चाललेलं नसतं. आणि मग पालथा तळहात खाली. माग बंद. त्या हिरोचं बाबांच्या लेखी काम संपलं.

दूरदर्शनवर रविवारी दुपारी बधिरांसाठीच्या बातम्या लागायच्या, आठवतं का? त्या बाई हातांनी आणि सगळ्या चेहऱ्याने बातम्या सांगायच्या. घरोघरी तेव्हा जेवणं आटपायची, आमच्याकडे मात्र ते पंधरा मिनिटं कोणी टीव्हीसमोरून जायचं नाही कारण बाबा बघत असायचे. त्यांना ती खुणांची भाषा येत नव्हती, त्यांच्या मिलच्या खुणा वेगळ्या. पण म्हणायचे, या बाईंना बातमी कळलेली आहे, त्या दुसऱ्या नुसत्या वाचतात. आणि त्यानंतर लागायचा प्रादेशिक चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं. आम्ही मराठीची वाट बघत बसायचो, मुंबई केंद्राचे मराठी पिक्चर काही आमच्याकडे दिसत नव्हते, त्यामुळे देशभराच्या भाषांमध्ये कधीतरी मराठीचा नंबर लागेल तेवढंच. बहुतेक वेळा बंगाली निघायचा नाहीतर मल्याळम नाहीतर कानडी. आई उठून जायची. बाबा बसून. त्यांना ती इंग्रजी अक्षरं वाचायला जमायची नाहीत तेवढ्या वेगाने, ती ते बघतच नसत. एका मल्याळम सिनेमात कोणी शेतकरी सावकारासमोर बसून काहीतरी सांगत होता, आणि बाबा म्हणाले, खोटं बोलतोय हा, आणि त्याला पण माहीत आहे की त्या सावकाराला कळलंय. मी अक्षरं वाचत होते, मला तोवर पत्ता नव्हता. दहा मिनिटांनी तेच निघालं.

मला वाटतं माझं सिनेमा बघण्याचं शिक्षण त्या दुपारांमध्ये झालं, आणि त्यात इंदुरात असण्याचाही मोठा हात आहे. आमची मराठी होळकरांबरोबर इकडे आली आणि मग दोन-अडीचशे वर्षं हिंदीत भिजत राहिली. "करून राहिलो, जाऊन राहिलो" असं आम्ही बोलतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. पण त्यामुळे एक व्हायचं, गणपतीत कोणी व्हिडिओ भाड्याने आणून तमाशापट लावला की त्यातली सातारा-कोल्हापूरकडची बोली आम्हा पोरांना अर्धी डोक्यावरून जायची. शब्द निसटले की डोळे आपोआप चेहऱ्यावर जातात. म्हणजे कान शाबूत असून आम्हीसुद्धा थोडेसे बाबांसारखेच झालो होतो.

तिथे मला निळू फुले भेटले.

आजी त्यांना बघून अक्षरशः पदर तोंडाला लावायची. "मेला आला," म्हणायची आणि खरोखर भिंतीकडे तोंड करून बसायची. मी पण घाबरायचे. बाकीच्या खलनायकांना बघून मला कधी भीती वाटली नाही, ते ओरडायचे, डोळे फिरवायचे, मागून संगीत वाजायचं, म्हणजे आता वाईट होणार हे आधीच कळायचं. निळूभाऊ ओरडायचेच नाहीत. ते ऐकायचे. समोरचा गरीब माणूस हात जोडून गाऱ्हाणं सांगतोय आणि हे मान थोडी तिरकी करून, अगदी सवडीने, पूर्ण ऐकून घेतायत, एकही शब्द न गाळता. त्या ऐकण्यातच कळायचं की आता या माणसाचं काही खरं नाही, कारण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला घाई नसते. 'सामना' मी पुष्कळ नंतर पाहिला, कॉलेजात असताना. तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, १९७५ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, हे सगळं आधी वाचून गेले होते, त्यामुळे जरा दबूनच बसले होते. डॉ. लागूंचा मास्तर त्यात एका बेपत्ता माणसाबद्दल विचारत राहतो, परत परत विचारतो, सगळं बोलणं त्याचं. लोक लागूंचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण तो प्रश्न मोठा कोणामुळे होतो? तो ऐकणाऱ्या हिंदुराव पाटलामुळे होतो. दर वेळी तोच प्रश्न, आणि दर वेळी निळूभाऊंच्या चेहऱ्यावर तो वेगळ्या ठिकाणी लागतो. आधी गंमत, मग कुतूहल, मग कुठेतरी खोल ठसठस. आयुष्यभर बायाबापड्यांच्या शिव्या खाल्लेला हा माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला. मला ते बागेचं कळलं तेव्हा का कोण जाणे एकदम पटलं. झाडांपाशी राहिलेल्या माणसाला थांबता येत असणार. २००९च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा मी आजीच्या फोटोकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आजी, तुझा मेला गेला गं. आणि मग मला रडू आलं, त्यांच्यासाठी की तिच्यासाठी ते आजही सांगता येणार नाही.

आमच्या शहराला सिनेमावाल्यांचा अभिमान पुष्कळ आहे. लताबाई इथल्या, सलमान खान इथे जन्मला हे तर रिक्षात बसल्या बसल्या ऐकायला मिळतं, शेजारच्या खंडव्याचे किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. बाबांना या सगळ्यात एकाच नावाचं प्रेम होतं, जॉनी वॉकर. इंदुरात जन्मलेले बद्रुद्दीन काझी, मिल कामगाराचा मुलगा. वडिलांचं काम गेलं आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं, तिथे हे बसमध्ये कंडक्टर झाले आणि तिथून सिनेमात. बाबा हे सांगताना "मिल कामगाराचा मुलगा" यावर असे थांबायचे की जणू आपल्याच घरचा कोणी. स्वतःची मिल बंद झाल्यावर तर जास्तच. आणि 'आनंद' लागला की त्या एका जागेची वाट बघायचे, जिथे राजेश खन्ना रस्त्यात अनोळखी माणसाला मुरारीलाल म्हणून हाक मारतो. त्याआधी पण त्याने बाकीच्यांना तशीच हाक मारलेली असते, सगळे गोंधळतात, चिडतात. जॉनी वॉकर एक क्षण बघतो, त्या एका क्षणात समोरच्याला ऐकून घेतो, म्हणजे शब्द नाही, त्याची गरज ऐकतो, आणि लगेच त्याला जयचंद म्हणून मिठीत घेतो. बाबा टाळी वाजवायचे. "ऐकलं! बघ, याने ऐकलं!"

आता यावर माझं एक मत आहे आणि त्यावरून माझं भांडण झालेलं आहे. 'आनंद' राजेश खन्नाचा पिक्चर आहे असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो अमिताभचा आहे. खन्ना अख्खा सिनेमा बोलतो, आणि सुंदर बोलतो, माझा त्याच्यावर राग नाही. पण तो बोलतोय ते आपल्यात झिरपतं कशातून, तर त्या उंच, आंबट चेहऱ्याच्या डॉक्टरमधून. तो चिडून ऐकतो, मग नाइलाजाने ऐकतो, मग जीव लावून ऐकतो, आणि शेवटी टेपवरचा आवाज ऐकतो. १९७१चा सिनेमा, अमिताभ तेव्हा कोणीच नव्हता, पुढे तो मोठा झाला आणि त्याला सगळ्यांनी बोलायला लावलं. त्याचा तो आवाज म्हणजे देणगी आहेच, पण मला आजही वाटतं की त्या आवाजाच्या नादात आपण त्याचं ऐकणं गमावलं. मैत्रीण म्हणाली हे तुझं काहीतरीच. असू दे.

तसंच 'बनवाबनवी'चं. आमच्याकडे कुठल्याही लग्नात रात्री गाद्या पडल्या की कोणीतरी सुरू करतो आणि मग सगळा हॉल संवाद म्हणायला लागतो, ज्यांना धड मराठी बोलता येत नाही त्या आमच्या हिंदी भाषक जावयांनासुद्धा ते पाठ आहेत. मलाही पाठ आहेत. अशोक सराफ, लक्ष्मीकांत, सचिन यांच्याबद्दल मी काय वेगळं सांगणार. पण सुधीर जोशींकडे बघा ना कोणीतरी. घरमालक सरपोतदार. भाडेकरू डोळ्यात डोळे घालून थापा मारतोय आणि या माणसाला त्या पटतायत, नाही पटत, पटवून घ्यायच्या आहेत, मध्येच संशय येतो आणि मग स्वतःच्याच संशयाची लाज वाटते, हे सगळं बोलण्याआधी त्यांच्या गालावरून सरकून जातं. हसू येतं ते तिथे येतं. समोर असा ऐकणारा नसेल तर ते संवाद नुसते कागदावर राहिले असते. अशोक सराफ स्वतः किती मोठे ऐकणारे आहेत हे पण तिथेच दिसतं, लक्ष्या काहीतरी बोलून बसतो आणि अशोकमामा एक शब्द न बोलता नुसते बघतात. त्या बघण्यावर माझ्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी तरून गेल्यात.

बायकांबद्दल लिहायचं तर हात जरा जड होतो. ललिता पवारांना आजी खाष्ट सासू म्हणून ओळखायची, तेवढंच. मला आईने सांगितलं की १९४२ला शूटिंगमध्ये बसलेल्या एका थपडेने त्यांचा चेहरा एका बाजूने लुळा पडला होता, डोळा त्यानेच बारीक झाला. नायिका होत्या त्या, आणि त्यानंतर नायिकेची कामं संपली. ते कळल्यावर मी 'अनाडी' परत बघितला. मिसेस डिसा. वरून तडतडणारी घरमालकीण, राज कपूरला सारखी फैलावर घेणारी. त्यांचे दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असल्यासारखे वाटतात, एक डोळा त्याच्या थापा ऐकतो आणि दुसरा त्याची भूक. ज्या डोळ्याने त्यांचं एक आयुष्य नेलं त्याच डोळ्याने दुसरं उभं केलं, आणि हे लिहितानाही मला त्यात बरं वाटून घ्यावं का वाईट हे कळत नाही. त्या थपडेचं सोनं झालं वगैरे म्हणायला जीभ वळत नाही. थप्पड ती थप्पडच.

आणि 'सारांश'मध्ये अनुपम खेर अठ्ठावीस वर्षांचे होते आणि म्हातारा झाले, हे प्रत्येकाला माहीत असतं, क्विझमध्ये विचारतात. रोहिणी हट्टंगडी पण तेव्हा तिशीतल्याच होत्या, हे कोणी का सांगत नाही? तो बाप रागावतो, बोलतो, कोसळतो. ती आई त्याचं सगळं कोसळणं ऐकून घेते आणि वर स्वतःचं दुःख सांभाळते. अर्धा भार तिने उचललाय.

स्मिता पाटीलबद्दलचं माझं मत बदलत गेलंय. 'उंबरठा' मी पहिल्यांदा आईबरोबर बघितला तेव्हा नववीत असेन. ती सुलभा नोकरीसाठी लहान मुलीला घरी सोडून महिलाश्रमात जाते आणि मला तिचा इतका राग आला, असं कसं कोणी आपल्या मुलीला सोडून जाईल. मी आईकडे बघितलं, की तीपण म्हणेल आता काहीतरी. आई एकटक टीव्हीकडे बघत होती आणि तिच्या मांडीवरच्या परातीत तांदूळ तसेच होते, हात थांबलेला. तिने मला उत्तरच दिलं नाही. पस्तिशीत परत बघितला, तोवर मी स्वतः दहा वर्षं ऑफिस आणि घर करून झालेलं, आणि या वेळी मला दिसलं की ती आश्रमातल्या एकेका बाईचं गाऱ्हाणं कशी ऐकते. सहानुभूतीचा चेहरा करत नाही ती. कोरी राहते, जवळजवळ कठोर, आणि मग डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी बदलतं. मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची ती आधी, जगभराचं बरंवाईट सरळ चेहऱ्याने सांगायची सवय. ३१व्या वर्षी गेली. मला सगळ्यात जास्त वाटतं ते हे, की आईने त्या दिवशी काय ऐकलं ते मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

भाचीकडे परत येते. दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा मी विषय काढलाच. म्हटलं, तुला जिथे काही होत नाही असं वाटलं ना, तिथेच सगळं होत होतं. ती चिडली नाही, विचारात पडली. मग म्हणाली, "पण मावशी, 'सैराट'च्या एंडला तर मी एकदा पण फॉरवर्ड नाही केलं. तिथे तर आवाजच बंद करून टाकलाय. ते लहान बाळ चालून राहिलं आहे, रडून राहिलं आहे, आणि काहीच ऐकू नाही येत. मला बटण दाबताच नाही आलं." मी गप्प झाले. कारण ते खरं होतं, आणि मी ते धरलंच नव्हतं. २०१६ला आम्ही सगळे इथल्या मल्टिप्लेक्समध्ये 'सैराट' बघायला गेलो होतो, ही तेव्हा छोटीशी होती, अर्धा वेळ झोपलेली, शेवटच्या त्या शांततेत अख्खा हॉल गोठला होता आणि बाबा, ज्यांना तसंही काही ऐकू येत नव्हतं, त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "आवाज गेला का?" मी मान हलवून हो म्हटलं. त्या एका वेळी आम्ही सगळे त्यांच्यासारखं बघत होतो. नंतर किती तरी वेळ त्यांनी हात सोडला नव्हता.

म्हणजे मुलीला शांतता बघता येते. 'श्वास'मध्ये का नाही बघता आली? मला वाटतं, 'सैराट'मध्ये तिला माहीत होतं की भयंकर झालंय, आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू काही उतरतं याची तिला अजून ओळख नाही. पण खात्रीने नाही सांगू शकत. कदाचित त्या दिवशी तिला नुसती टेस्टची काळजी असेल.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. कानाचं मशीन आहे, पिक्चर बघताना ते काढून डबीत ठेवतात, म्हणतात त्याची खरखर मध्ये येते. मागच्या रविवारी भाची, मी आणि बाबा तिघं बसलो. तिने तिच्या आवडीचा नवा पिक्चर लावला, हिंदी, त्यातला हिरो सध्या तिच्या मैत्रिणींमध्ये सगळ्यांचा लाडका. मी तिला मिलच्या खुणांचं सांगितलेलं होतं, तेव्हापासून तिला नाद लागलाय, दर थोड्या वेळाने आजोबांच्या गुडघ्याला हात लावून पडद्याकडे बोट दाखवते आणि कानावर हात ठेवून भुवया वर करते, म्हणजे हा ऐकतोय का? हिरो आला. समोर त्याची बहीण काहीतरी सांगायला लागली. बाबांनी चष्मा पुसला, डोळे बारीक करून बघितलं, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठायला लागला, तळहात पालथा.

भाचीने तो हात मध्येच पकडला. त्यांच्या अगदी समोर तोंड नेऊन, ओठ मोठे करत म्हणाली, "आजोबा, आत्ताच तर आलाय तो. थोडं थांबा ना."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. हात तिच्या हातात तसाच राहू दिला.